हाडात भरलेली लांबी

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात जयाताई पेडणेकर पंधरा वर्षं म्युझियममधली हाडं पुसतात. भित्र्या इतक्या, की लिफ्टमध्ये डोळे मिटून उभ्या राहतात. मी लायब्ररीतला, त्यावरून त्यांना पुष्कळ छळलंय. त्या आठवड्यात मात्र धीर झाला नाही.

झालं असं, की नर्मदेकाठी सापडलेलं एका प्राचीन वाघासारख्या प्राण्याचं मांडीचं हाड पुसताना त्यांच्या हातून सुटलं. दगड झालेल्या त्या हाडाचा बरोबर मधला कपचा उडाला आणि त्याचा भुगा झाला. नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये मुदत संपणार. नवरा राजाराम रंगारी. भिंतीच्या भेगा बुजवायची त्याची लांबी दुसऱ्या दिवशी डबीतून आणून त्यांनी खड्डा भरला, जरा जास्तच भरला, आणि वरून चहाचं पाणी फिरवलं. कुणाला कळलं नाही.

सोमवारी पीएचडी करणाऱ्या संघमित्रा मॅडमनी त्याच हाडाला मधोमध टेप गुंडाळली.

"या प्राण्याचं वजन दोनशे ऐंशी किलो, ताई! शुक्रवारी दिल्लीच्या परिषदेत सांगणार आहे मी."

जयाताईंना अन्न जाईना. मी विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय.

गुरुवारी दुपारी मी पुस्तकं पोचवायला गेलो, तेव्हा त्या मॅडमसमोर उभ्या होत्या.

"मॅडम, त्या हाडात लांबी जास्त झालीय."

मॅडम हसल्या. "लांबीचं टेन्शन घेऊ नका हो. लांब पायाचा प्राणी सडपातळही असतो ना. वजन आपण घेरावरून काढतो, कारण भार तो पेलतो. घेर जरासा वाढला की वजन भरमसाट वाढतं."

आयती सुटका. मी असतो तर सरळ चहाला निघून गेलो असतो. जयाताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"ती लांबी नाय ओ. भिंतीला भरतात ती. मधोमध भरलीय. माझ्या हातून पडलं ते."

मॅडमनी नख लावलं. लांबीचा पोपडा सुटला. खाली मोजायला काही उरलंच नव्हतं.

टेप उचलत त्यांनी विचारलं, "आधी किती जाड होतं, आठवतं?"

"पुसताना अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकायचं," म्हणत जयाताईंनी बोटांचं कडं केलं.

मॅडम त्या कड्याच्या आतून टेप फिरवू लागल्या. जयाताईंचा हात इतका कापत होता, की दोनदा वेगळाच आकडा आला.

"ताई, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज कापत होता.