हेज्जार्ले अजून तयार नाहीत

फोटो न काढण्यासाठी कॅमेरा बाळगणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि मल्लेश्वरममध्ये मी नेमका त्याच्याच घरात भाडेकरू म्हणून राहिलो. आमचे घरमालक पिढ्यान्‌पिढ्यांचे बेंगळुरी मराठी. हिवाळ्यात गावाबाहेरच्या तळ्यावर पेलिकन उतरले, की यांच्या अंगात यायचं. पेलिकनला ते कन्नडमधलं ‘हेज्जार्ले’ म्हणत, आणि तेही अहो-जाहो करून. त्यांना एकच फोटो हवा होता : पाण्याला पाय लागण्याआधी पंख पुरते पसरलेला पक्षी. त्यासाठी रविवारी सकाळी ते मलाही ओढून नेत. पक्षी बुजू नये म्हणून त्यांनी राखाडी कोट शिवून घेतला होता. धोब्याने तो एकदा धुऊन धुऊन पांढुरका केला, तर हे महिनाभर तळ्याकडे फिरकले नाहीत. “ते ओळखायचे नाहीत हो मला,” म्हणाले. एरवी छातीशी धरलेल्या पेटीसारख्या कॅमेऱ्यात वरून डोकावत तासन्‌तास उभे. मी चुळबुळ केली की, “स्वल्प थांबा. ते अजून तयार नाहीत.” मान आखडलीय, ऊन डोळ्यांवर येतंय, बगळा उगाच मध्ये घुसलाय, कारणांना तोटा नव्हता. एक रोल इतका पुरायचा, की धुऊन आणला तेव्हा त्यात भाचीचं बारसंही निघालं आणि तिचा शाळेतला पहिला दिवसही. पेलिकन एकही नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणायच्या, “लग्नातसुद्धा अंतरपाट काढला तरी हे हार धरून नुसते बघत उभे होते.”

पुढे ते तळं बुजवून तिथे घरं बांधायचं ठरलं. पाणी सोडून दिलं. त्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तर चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि मातीच्या लॉऱ्या उभ्या होत्या. तेवढ्यात पेलिकन आले. पाणी शोधत खाली खाली घिरट्या घालू लागले. एक तर आमच्या डोक्यावरून असा गेला, की त्याच्या पंखांचा वारा लागला. पंख पुरते पसरलेले, ऊन आमच्या पाठीशी. मी म्हटलं, “अहो, काढा की आता.”

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि त्या भेगाळलेल्या चिखलात धावत जाऊन दोन्ही हात हलवू लागले. “इथं उतरू नका. पाणी नाही इथं. पुढं जावा, पुढं मोठं तळं आहे.” लॉरीवाले हसत होते. थवा वळून दिसेनासा होईपर्यंत त्यांचे हात खाली आले नाहीत.

परतताना मी म्हटलं, “निदान एक तरी काढायचा होता.”

“अडचणीत सापडलेल्यांचा फोटो काढतात काय हो?” एवढंच म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली, ती सख्ख्या काकांबद्दलही कधी वाटली नव्हती. घरी पोचलो तरी कॅमेरा माझ्याच हातात होता. त्यांनी तो परत मागितला नाही.