सातवा नकाशा उघडेना

कंपनीच्या मदत केंद्रात फोन घेणाऱ्यांना 'नाही' म्हणायला बंदी होती. "नाही हा शब्द वापरायचा नाही," असं सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बजावलं, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. लॅपटॉपची मेमरी वाढवून मिळेल का, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, "सर, आपल्या मॉडेलची रचना कारखान्यातूनच पूर्ण करून दिलेली आहे." बॅटरी बदलायची असली तरी हेच वाक्य. डिस्क मोठी हवी असली तरी हेच. फोनवर बाई असली की 'सर'च्या जागी 'मॅडम', एवढाच काय तो फरक.

फोन घेणाऱ्यांतली ती एक. हे वाक्य ती दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायची, आणि असं सहा वर्षं चाललं होतं. एकदा घरी नवऱ्याने विचारलं, "अगं, या कपाटात अजून एक फळी बसेल का?" भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "आपल्या मॉडेलची रचना..." आणि थांबली. नवरा हसून हसून बेजार. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता, पहाटे जायचा आणि दुपारी पिठाने पांढरा होऊन यायचा; पुढचे आठ दिवस तो येता-जाता तिला विचारायचा, "काय, आज रचना पूर्ण का?" तीही हसायची. इथे हसतात म्हणून आपण हसतो आहोत, असं तिला मधूनच वाटून जायचं.

मदत केंद्रात येण्याआधी अकरा वर्षं ती याच इमारतीत, एक मजला खाली, दुरुस्ती विभागात होती. तिथे सहा टेबलं होती. प्रत्येक टेबलावर वाकड्या मानेचा दिवा, भिंग, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि गरम हवा सोडणारं यंत्र. तिळाएवढा भाग चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचा आणि शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे काम त्या सहा जणांत तिच्याइतकं कुणाला साधत नसे. म्हणून सगळे तिला 'सुई' म्हणायचे. तिच्या शेजारी बसणारा गडी सहा फूट उंच, दारातून येताना खांदे तिरके करणारा. त्याचं नाव अर्थातच 'बारक्या' पडलं होतं.

मग मॉडेलं बदलत गेली. आधी बॅटरी आत चिकटवून यायला लागली. मग मेमरीची पट्टी, जी पूर्वी खाचेतून टक्कन निघायची, ती गेली आणि तिच्या चिप्स बोर्डावरच डाग देऊन पक्क्या बसवल्या जाऊ लागल्या. मग डिस्कचंही तेच. ज्याला उघडायला धड स्क्रूच नाहीत असं पहिलं मॉडेल टेबलावर आलं, तेव्हा बारक्याने ते हातात उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हा साबण आहे. झिजला की दुसरा घ्यायचा."

त्यानंतर वरून हुकूम आला, की भाग बदलत बसू नका, अख्खा बोर्ड बदला. वर्षभराने दुसरा आला, की बोर्डही नको, अख्खं मशीन बदला. मग टेबलं तरी कशाला हवीत? बाकीचे पाच जण घरी गेले. तिला साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमचा आवाज छान आहे, वर या." तिने सही केली. हमाल टेबलं बाहेर नेत होते तेव्हा लिफ्टचं दार तिनेच धरून ठेवलं होतं. तेव्हा तिला काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत वाटेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. संध्याकाळी कपडे वाळत घालायचे होते, त्यात ते राहूनच गेलं.

अशी सहा वर्षं गेल्यावर एका मंगळवारी एका भूमापकांचा फोन आला.

"मी निवृत्त भूमापक बोलतोय," त्यांनी सुरुवात केली, जणू हेच त्यांचं नाव. "दोन वर्षांपूर्वी तुमचा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, मेमरी कमी पडली तर नंतर वाढवून घ्या. आता सातवा नकाशा उघडला की सगळं गोठतं. मला मेमरी वाढवून हवी आहे."

तिने वाक्य म्हटलं.

"बरं. का?"

"सर, आपल्या मॉडेलची रचना..."

"ते ऐकलं मी. पण का? माझ्या टेबलाला मी खण लावून घेतला. बायकोच्या चष्म्याची काच दर दोन वर्षांनी बदलतो, फ्रेम तीच. मग यालाच काय झालं?"

तिच्यासमोरच्या कागदावर चिडलेल्या माणसासाठी चार उत्तरं होती, रडणाऱ्यासाठी दोन आणि शिव्या देणाऱ्यासाठी एक. हे गृहस्थ चिडले नव्हते. त्यांना फक्त कारण हवं होतं, आणि कारणाचं उत्तर कागदावर नव्हतं. "आपण संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत," असं म्हणून तिने फोन संपवला.

गुरुवारी त्यांचा फोन पुन्हा आला, आणि नेमका तिच्याकडेच. या खेपेला त्यांनी काम समजावून सांगितलं. पालिकेत त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. शहराच्या जमिनीखालच्या पाण्याच्या नळांचे एकेचाळीस नकाशे, प्रत्येक वेगळ्या माणसाने वेगळ्या साली काढलेला, कुणाचं माप मोठं, कुणाचं लहान. ते सगळे स्कॅन करून, कडेला कड जुळवून, त्यांना एकच नकाशा करायचा होता. "आत्ता कुठे नळ फुटला की पालिकेचे लोक तीन ठिकाणी खणतात, तेव्हा कुठे पाणी बंद करायची झडप सापडते. कुठली झडप कुठे आहे ते माझ्या डोक्यात आहे. पण डोक्याचं आता काही खरं नाही, बाई. परवा चहात मीठ घातलं मी."

तिने वाक्य म्हटलं. पण ते म्हणताना पहिल्यांदाच ते तिच्या स्वतःच्या कानावर पडलं, दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं.

तिसरा फोन सोमवारचा. त्यांनी 'का' म्हणायच्या आत ती म्हणाली, "काका, मेमरीच्या चिप्स बोर्डावर सोल्डर केलेल्या आहेत, म्हणून. काढता येतात. हाताला सवय असलेलं माणूस त्या काढून मोठ्या बसवू शकतं. कंपनी ते करत नाही."

"मग असं सांगायचं ना," ते म्हणाले. "दोन फोन फुकट गेले."

दुपारी सुपरवायझरने तिला काचेच्या खोलीत बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने बरा. "ताई, तुम्ही 'काढता येतात' म्हणालात."

"येतात म्हणून म्हणाले."

"येत असतील हो. मी कुठे कधी उघडून पाहिलंय? पण हे वाक्य यादीत नाहीये." त्याने समजपत्र पुढे सरकवलं आणि तिने सही केली. त्यालाच जास्त वाईट वाटल्यासारखं दिसलं. ती जागेवर परतली आणि सुट्टी व्हायच्या आधी भूमापकांचा नंबर स्क्रीनवरून बसच्या तिकिटामागे उतरवून घेतला. हे तर नोकरीवर बेतणारं होतं. तिची छाती धडधडायला हवी होती. ती धडधडली नाही. बसथांब्यावर उभं राहून तिने त्यांना फोन लावला आणि चिप्स आपणच बदलून पाहू, असं सांगितलं.

बारक्याने नोकरी गेल्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, खोकं म्हणावं एवढं. तो आत बसला की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागे. दिवसभर काचांवर प्लास्टिक चिकटवणं, चार्जरच्या वायरी विकणं हा त्याचा धंदा, पण मागच्या टेबलावर गरम हवेचं यंत्र आणि भिंग त्याने राखून ठेवलं होतं. रविवारी दुपारी तिघं तिथे दाटीवाटीने जमले. भूमापक काका उंच, वाळकुडे, खिशात फूटपट्टी. लॅपटॉप त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता.

"आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलंत ना?" तिने विचारलं.

"दोन ठिकाणी."

"हे बिघडू शकतं, काका."

"शंभरात किती?"

"पूर्वी शंभरात दोन. आता माहीत नाही. सहा वर्षं हात लावलेला नाही मी."

काकांनी यावर बराच विचार केला आणि टॉवेल सोडला.

मोठ्या चिप्स बारक्याने एका मेलेल्या बोर्डावरून काढून ठेवल्या होत्या. एकूण चार. तिने मागचं झाकण पातळ पट्टी घालून उचकटलं, बोर्ड मोकळा केला, भिंगाखाली घेतला. पहिली चिप निघाली तेव्हा बारक्या मागून म्हणाला, "सुई ती सुईच." दुसरी निघाली. तिसरीही. चौथी थोडी अडली. पूर्वी अशा वेळी तिचा हात आपोआप थांबत असे. आणखी किती उष्णता द्यायची ते बोटांना कळे. आज तिने डोक्याने हिशेब केला आणि चार सेकंद जास्त दिले. चिप निघाली, पण खाली बोर्ड फोडासारखा फुगला होता आणि चिप जिथे जोडलेली असते त्या तांब्याच्या टिकल्यांपैकी तीन चिपेबरोबर उपटून आल्या होत्या.

भिंगातून तिने ते पाहिलं आणि तिला लगेच कळलं. तरी तिने केसासारखी तार घालून तिन्ही टिकल्या सांधल्या, चारही नव्या चिप्स बसवल्या. दीड तास गेला. बटण दाबलं. पंखा दोनदा गरगरला आणि थांबला. स्क्रीन काळीच राहिली. बारक्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जुन्या चिप्स परत लावून पाहिल्या, तरी तेच.

ती काकांकडे वळली. "काका, मी हे बिघडवलं. आता सुरू होणार नाही."

काका खुर्चीवर बसून राहिले. ते रागावतील, नाहीतर मोठ्या मनाने जाऊ द्या म्हणतील, असं बारक्याला वाटत असावं; तो दोन्हीची तयारी करून उभा होता. काकांनी तसं काहीच केलं नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, "चालत तरी होतं." आणि लॅपटॉप पुन्हा टॉवेलात गुंडाळायला लागले, कोपरे नीट दुमडून, जसा आणला होता तसा.

बसमध्ये ती ते तीन शब्द मनात घोळवत राहिली. कुठे लागतात का, म्हणून. लागत होते, पण गोधडीतून बोट टोचावं तेवढेच.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरून तिचा स्वतःचा जुना लॅपटॉप काढून खाली दिला. वजनाला विटेसारखा, कडा घासून पांढऱ्या झालेल्या. "यात भरता येतं ना अजून?" त्याने विचारलं. मागे चार साधे स्क्रू, आत मेमरीच्या दोन खाचा, एक रिकामी. तिने तो टेबलावर ठेवून उघडला. बारक्याकडून दोन मोठ्या पट्ट्या आणल्या. जुनी पट्टी काढल्यावर त्या दोन्ही टक्कन बसल्या.

पुढच्या सुट्टीला ती तो घेऊन काकांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "मशीन मोडलं ती तूच का?"

"हो."

"ये आत. ते आठवडाभर जमिनीवर कागद अंथरून बसलेत. मला न्हाणीघरात जायचं तर भिंतीला चिकटून जावं लागतं."

बैठकीच्या खोलीभर नकाशे पसरले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या आणि चपला ठेवलेल्या. काका गुडघ्यांवर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या हातातल्या यंत्राकडे.

"हे हळू आहे," ती म्हणाली. "पंखा फार ओरडतो. पण उघडता येतं. आणि यातही काही बिघडलं तर ते कोणालाही बदलता येईल, मीच हवी असं नाही."

"आतमध्ये बघू?"

तिने पालथं करून चार स्क्रू काढले. काकांनी वाकून दोन्ही खाचा पाहिल्या, एक पट्टी स्वतःच्या हाताने काढली, परत बसवली, आणखी एकदा काढली. मग टेबलाशी बसून त्यांनी नकाशे उघडायला घेतले. पाचवा, सहावा. सातव्याला पंखा असा किंचाळला की काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. सव्वा मिनिट लागलं, पण नकाशा उघडला. अठ्ठाविसाव्यापर्यंत ते असंच ओरडत, रखडत चाललं आणि एकोणतिसाव्याला गोठलं.

"अठ्ठावीस," काका म्हणाले. "उरलेले तेरा वेगळे जोडावे लागतील. दोन तुकड्यांत होईल." आभार मानायचं त्यांच्या मनात आलं असेलही, पण त्यांची नजर पडद्यावरच्या एका निळ्या रेषेवर गेली होती आणि ते पुटपुटत होते, की ही झडप इथे नव्हतीच, कोणी दाखवली इथे. काकूंनी दिलेला चहा तिने उभ्याने घेतला. आपल्याला आता बरं वाटायला हवं, असं तिला वाटलं. खूप दिवसांनी पाठ दुखत होती, तेवढं मात्र स्पष्ट जाणवत होतं. काकांना न हलवता तिने दार ओढून घेतलं.

नोकरी चालूच राहिली. आणखी पातळ असं नवं मॉडेल आलं. त्यात कीबोर्डसुद्धा आत चिकटवलेला होता, आणि त्यासाठी यादीत वेगळं वाक्य आलं. ते पाठ करायला तिला एक दुपार पुरली.

बारक्याने फोन करून सांगितलं, "रविवारी मागचं टेबल मोकळं असतं. येत जा." "बघू," ती म्हणाली आणि दोन रविवार गेली नाही. तिसऱ्या रविवारी नवऱ्याला दुपारची झोप लागल्यावर ती निघाली. बारक्याने भंगारातून आणलेले मेलेले बोर्ड खोक्यात भरून ठेवले होते. त्यांचं यापुढे काही बिघडण्यासारखं नव्हतं. तिने दिवा ओढला, भिंग लावलं आणि चिप्स काढून परत बसवायला सुरुवात केली. पहिल्या तीन बोर्डांवर टिकल्या उपटल्या. चौथ्यावर एकच. बारक्याने वाकून पाहिलं, "हं," म्हणाला, आणि कुणीतरी काचेवर प्लास्टिक लावून मागत होतं म्हणून पुढे गेला. तिने खोक्यातून पाचवा बोर्ड घेतला.