बंगला बघायला गेलेली मुलगी

मला इंग्रजांच्या काळातल्या इमारतींचं वेड आहे आणि आमच्या घरात ते कुणालाही रुचलेलं नाही. आठवडाभर मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून टू-बीएचकेच्या स्वयंपाकघरांचे ओटे आणि संडासांच्या खिडक्या काढते. रविवार उजाडला की स्कूटी काढायची, टेप पर्समध्ये टाकायची आणि इंदिरानगरातून बाहेर पडायचं. देवळालीकडचे बैठे बंगले, रेल्वेची दगडी क्वार्टर्स, धरणाजवळची विश्रामगृहं, घाटातले कमानीचे पूल. जे सापडेल ते मोजायचं आणि घरी येऊन कागदावर उतरवायचं. साहेबाचा मला रागही येतो. दगड इथला, घाम आपल्या माणसांचा, आणि व्हरांड्यात पाय पसरून डोंगर बघायचा त्यानं! पण डोंगर कुठून बघावा हे त्याला बरोबर कळत होतं. त्याच्या बंगल्याच्या पायरीवर उभं राहिलं की समोरची रांग कशी नेमकी चौकटीत येते. तेवढ्यासाठी मी त्याला अर्धं माफ करते.

आई म्हणते, "हिला माणसांपेक्षा दगड आवडतात." ती हे चेष्टेनं म्हणायची तेव्हा मी तिशीच्या आत होते. आता ती हे चेष्टेनं म्हणत नाही. धाकटीनं पुण्यात स्वतःचं स्वतः जमवून ठेवलंय आणि थोरलीचं झाल्याशिवाय तिचं पुढे सरकत नाही, त्यामुळे घरात मी बसले तरी वाट अडवून बसल्यासारखी दिसते.

हे स्थळ मामानं आणलं. मामा वणीला असतो. देवीच्या यात्रेला येणाऱ्या निम्म्या जिल्ह्याशी त्याची ओळख आहे आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी त्याला लग्नाचा मुलगा दिसतो. हे लोक मूळचे नांदगावकडचे. आधी शेती, मग कांद्याचा व्यापार, आता हॉटेलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, उंच. ते सगळे एकदा आमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेले आणि मी नेहमीसारखं "विचार करून सांगते" म्हटलं. याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मग मामानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. इगतपुरीच्या पुढे, घाटाच्या वरच्या अंगाला, कुण्या साहेबानं बांधलेला दगडी बंगला. खाली लिहिलं होतं, "ह्यांच्याच मालकीचा हाय. बघायला बोलावलंय तुला."

मुलाचा फोटो मी एकदाच बघितला होता. बंगल्याचा मोठा करून करून बघितला. जोतं घडीव दगडाचं, चारी बाजूंनी व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. मी लगेच हो म्हटलं.

आता आमच्यातली पद्धत सांगायला हवी. आधी मुलाकडचे मुलीच्या घरी येतात. पसंती झाली की मुलीकडचे चार पुरुष मुलाचं घर बघून येतात. मुलगी जात नाही. मुलाच्या दारात ती जाते ते सगळं ठरल्यावरच. मला हे माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून बघत आले आहे. पण ते त्यांचं घर नाही, पडून असलेला बंगला आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि टेपला नवा सेल लागतो का ते बघत बसले. माझा टेप लेझरचा आहे. आईनं साडी नेसायला सांगितली. "भिंती मोजायला साडी कशाला?" म्हणून मी कुर्ता घातला. आई चक्क काही बोलली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

श्रावणातला सोमवार होता, मी रजा काढली होती. बाबा गाडी चालवत होते, मामा पुढे बसून रस्ता दाखवत होता, जो बाबांना त्याच्यापेक्षा चांगला माहीत होता. आई आणि मी मागे. घोटी सोडल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली आणि डोंगर ढगात जाऊन परत बाहेर येऊ लागले. हायवे सोडून अरुंद रस्त्यानं आम्ही वर चढलो. बंगल्याच्या पोर्चमध्ये मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या असे चौघं उभे होते. मी गाडीतून उतरले ती माणसांना नमस्कार करायच्या आधी भिंतीला हात लावून मोकळी झाले. सगळे हसले. मलाही ते हसू प्रेमाचं वाटलं.

बंगला फोटोपेक्षा सुंदर होता. मधला दिवाणखाना दुप्पट उंचीचा, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या अगदी उघड्या, आणि त्यांच्याखाली दोरीनं उघडायचे झरोके. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता येईल. मुलगा माझ्याबरोबर फिरत होता. कुठे गळतं, कुठे वाळवी लागली आहे ते सांगत होता. त्याच्या आवाजात ना कौतुक ना कंटाळा.

"घरातले म्हणतात पाडून टाकू," तो म्हणाला. "इथं कॉटेजेस चांगली बसतील."

"पाडून?"

"तुम्ही आलात तर राहील मग. तुम्हाला आवड आहे ना."

मी हे चेष्टेवारी नेलं. त्याला फोन आला, तो पुढच्या बाजूला गेला आणि मी मागच्या व्हरांड्यात मोजमाप घ्यायला लागले. तिथे भिंतीत, माझ्या डोक्याच्या जरा वर, एक भोक होतं. त्यात लाकडाची झिजलेली कप्पी. हे काय आहे ते मला लगेच कळलं. आत साहेब जेवत असे तेव्हा त्याच्या डोक्यावर कापडाचा मोठा पंखा हले, आणि त्याची दोरी या भोकातून बाहेर येई. बाहेर आपला माणूस बसून ती ओढत राही. मी आनंदानं वेडी झाले. स्टुलावर चढून भोकाला डोळा लावला. काही दिसलं नाही. आवाज मात्र स्वच्छ आला.

"पोरगी सोताच्या पायानं आली, आता इचारायचं काय राह्यलं?" ही मुलाची आत्या.

मामा म्हणाला, "सोमवार हाय, दिवस चांगला हाय. कुंकू लावून टाका आजच. नंतर लय घोळ होतो."

मग माझ्या आईचा आवाज आला, हळू, पण मला ओळखू न येण्याइतका हळू नव्हे. "साडी मी आणलीय बरोबर. पिशवीत आहे."

मी स्टुलावरून उतरले. कुंकू म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मुलाकडच्या बाईनं मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, अंगावर साडी घातली, हातावर साखर ठेवली की झालं. तारीख नंतर काढतात. त्यानंतर मोडलं तर ते मोडलेलं लग्न समजतात आणि मुलीकडे मोडकं भांडं म्हणून बघतात. राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. निघायचं, एवढंच डोक्यात होतं. मी पुढच्या बाजूला आले तर मुलगा फोन खिशात ठेवत होता.

"खालच्या वळणावर दरड आलीय," तो म्हणाला. "रस्ता बंद झाला. जेसीबी सांगितलाय, येईल."

मी आईला आतल्या खोलीत ओढून नेलं.

"मी हो म्हटलेलं नाही."

"मग आलीस कशाला?"

"बंगला बघायला!"

आईला खरंच कळत नव्हतं. "बंगला बघायला असं कुणी जातं का ग?" ती म्हणाली आणि पिशवीतून साडी काढून पलंगावर ठेवली. मोरपंखी, माझ्या आवडीच्या रंगाची. ती कधी घेऊन आली होती देव जाणे.

दिवाणखान्यात आत्या तबक घेऊन उभी होती. मी सरळ सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही. मी नुसती बंगला बघायला आले होते." मला वाटलं होतं छत कोसळेल. तसं काही झालं नाही. सगळे हसले.

"घाबरली पोर," आत्या म्हणाली. "आम्ही बी आसंच म्हनलो व्हतो. लाजतीच की पोरी." आणि ती बोटावर कुंकू घेऊन पुढे आली. मी कपाळावर हात धरला. तिचं बोट माझ्या हातालाच लागलं. तरीही ती हसतच होती, पण आता जरा कसंनुसं. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा बँकेत होते, आयुष्यभर काउंटरपलीकडच्या माणसाला शांत केलं त्यांनी. ते म्हणाले, "घरी जाऊन कळवतो."

ना हो, ना नाही. तबक कोनाड्यात ठेवलं गेलं, आत नेलं गेलं नाही.

एरवी असं काही झालं की माणसं उठून निघून जातात. आम्हाला जायला रस्ता नव्हता. बाहेर धुकं उतरलं आणि समोरचा डोंगर, खालची दरी, पोर्चमधली आमची गाडी, सगळं एकेक करून नाहीसं झालं. ज्या खिडक्यांसाठी मी आले होते त्यांतून पांढऱ्याशिवाय काही दिसेना. ज्यांना मी नाही म्हटलं त्यांच्याच पंक्तीला बसून मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. मुलाच्या आईनं स्वतः वाढलं. "राग माझ्यावर काढ बाई, अन्नावर नको," ती म्हणाली आणि पानात आणखी एक चमचा तूप सोडलं. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

मग एकेक जण माझ्याशी बोलायला आला. मामा म्हणाला, एवढं चांगलं स्थळ पुन्हा यायचं नाय. आत्या म्हणाली, आता तू येऊन गेली हे चार गावांत कळणार, पुढं कोन इचारणार तुला? हे ती धमकी म्हणून म्हणत नव्हती. काळजीनं म्हणत होती, आणि ते खरंही होतं. आईनं धाकटीचं नाव काढलं आणि रडली. ती गेल्यावर मी मुलाला गाठलं.

"तुम्हाला मी आवडले का?"

"तशी काही हरकत नाही," तो म्हणाला.

"मग तुम्ही तरी नाही म्हणा."

"मी कसं म्हणू? घरातल्यांनी ठरवलंय."

मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. एवढ्या मोठ्या बंगल्यात त्यालाही उभं राहायला जागा नव्हती. त्यानं मला खुर्ची आणून दिली आणि निघून गेला.

मी उत्तरेकडच्या खोलीत बसून राहिले. जेसीबी आला, जेसीबी बिघडला, दुसरा निघाला, अशा बातम्या येत राहिल्या. कुणी दार लावलं नव्हतं. मी उठून हवं तिथे जाऊ शकत होते, फक्त कुठेही गेले तरी कुणीतरी प्रेमानं बघत होतं. थकवा यायला लागला. मी छताकडे बघत होते. इथली कौलं बदलली तर कैच्या अजून शंभर वर्षं टिकतील, असं मनात आलं. भिंतींचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा. या खिडकीखाली ड्रॉइंगचं टेबल ठेवायचं, इथे दिवसभर एकसारखा उजेड असणार. मी टेबलाची लांबी ठरवत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी या घरात राहायला लागले आहे. दचकायला हवं होतं. दचकले नाही. उलट बरं वाटलं. एक शब्द बोलायचा अवकाश, सगळ्यांचे चेहरे उजळतील, आई रडायची थांबेल, बंगला पडायचा वाचेल आणि मला कुणी पुन्हा काही विचारणार नाही. मी उठले. ओढणी नीट केली. दिवाणखान्याच्या दारापर्यंत आले.

तेवढ्यात मुलगा बाहेरून आला आणि म्हणाला, "एक बाजू मोकळी झाली. लहान गाड्या सोडतायत."

बाबांच्या हातात किल्ली आधीपासूनच होती. ते इतक्या झटकन उठले की मामाला चप्पल सापडेपर्यंत गाडी चालू झाली होती. मुलाच्या आईनं माझ्या आईची ओटी भरली, सवाष्णीला रिकामी पाठवत नाहीत म्हणून. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. आत्या बाहेर आली नाही.

दरडीच्या जागी लाल चिखल आणि दगड बाजूला लोटले होते. रेनकोटातल्या एका माणसानं हात करून आम्हाला पुढे काढलं. घोटी मागे पडली. मामा झोपल्याचं सोंग करत होता. आईच्या मांडीवर नारळ होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मग समोर बघतच ती म्हणाली, "अजून तासभर रस्ता बंद राहिला असता ना, तर हो म्हणाली असतीस तू."

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. दिवसभर मी नाही म्हणत आले होते, परक्या माणसांना, त्यांच्याच घरात उभं राहून. आईला मात्र मला ते म्हणता आलं नाही.