परळीच्या राखेचा पुरावा

मित्रांनो, प्लास्टिकच्या किटमधून जोडलेली, टप कापून बुटकी केलेली माझी लाल हॉट रॉड, म्हणजे जुन्या मोटारीची छोटी प्रतिकृती, गेल्या आठवड्यात कपाटातून गायब झाली. आज परळीतल्या मॉडेल प्रदर्शनात तशीच गाडी दिसली, पण काळी. शेजारी माझा मित्र भगवान.

चाकं मळकी दिसावीत म्हणून मी औष्णिक वीज केंद्राची राख फासतो. हिच्याही चाकांना राख होती.

“ही माझी हाय,” मी म्हणालो.

“कशावरनं रे? परळीत राख कुणाकडं न्हाई?”

बरोबर होतं. पण टपाच्या आतून मी लेकीचं नाव कोरलंय, कुणाला न सांगता. मी एवढंच म्हणालो, “टप उचकटून बघू.”

“बघ की. नाव न्हाई निघालं तर पुन्हा जोडून देशील?”

मी कच खाल्ली. घाटनांदूरच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, नावाचं तर मी बोललोच नव्हतो.

परत जाऊ का?