पांढऱ्यावर शंका घेणारे गुरुजी

गुरुजी रंगाचा डबा घेताना आधी झाकण उघडायला लावत. बोटानं थोडासा रंग वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओढत, तुकडा माझ्या काउंटरवर वजनाखाली ठेवत आणि निघून जात. दुसऱ्या दिवशी येऊन वाळलेला रंग बघितला, की मगच डबा उचलत. "ओला रंग तोंडावर गोड बोलतो, ताई," ते म्हणत. "वाळल्यावर काय म्हणतो, ते खरं."

येडशीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. गुरुजी बेंबळीच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. बायको गेलेली, एकुलती मुलगी लातूरला. रामलिंगच्या रस्त्याला दोन खोल्यांत एकटेच राहत. दर महिन्याला पांढऱ्याचे दोन डबे, काळ्याचा एक. निळा मात्र औषधासारखा, अगदी लहान डबी. घराच्या भिंती तर पोपडे आलेल्या. मलाही त्यांच्याबद्दल शंका यायला लागली. गावात कुणी म्हणे, करणी करतात. कुणी म्हणे, पाट्या रंगवून विकतात. शेवटी मी विचारलंच, "गुरुजी, एवढा रंग जातो कुठं?"

त्यांनी माझ्याकडं पोलिसाकडं बघावं तसं बघितलं. "येऊन बघा. पण हे काय हाय, ते काय हाय, असं विचारायचं न्हाय."

एका दुपारी मी जावेला घेऊन गेले. खोलीभर हार्डबोर्डाचे तुकडे टेकवलेले. त्यांवर ना झाड, ना देव, ना माणूस. नुसते रंगांचे थर. भिंतीच्या भेगांत लांबी भरायच्या पट्टीनं रंग चढवायचा आणि त्याच पट्टीनं खरवडून काढायचा, हे त्यांचं काम. जाऊ माझ्या कानात म्हणाली, "ह्यात हाय तरी काय?" गुरुजींनी ते ऐकलं. "त्याचीच चौकशी चालू हाय," ते म्हणाले.

एक तुकडा मला फार आवडला. करड्यावर पांढरा असा काही उतरला होता की बघतच राहावं. मी तसं सांगितलं. पुढच्या वेळी गेले तर तो खरवडलेला! मला वाईट वाटलं. "तुमाला आवडलं म्हणून न्हाय पुसलं," गुरुजी म्हणाले. "मलाबी आवडाय लागलं होतं. चित्र लवकर जमलं की समजायचं, हातानं सवयीनं उरकलंय."

अशा माणसाशी भांडण होणार, हे ठरलेलंच. एका बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी असताना त्यांनी डबा काउंटरवर आदळला. "ताई, ह्यात भेसळ हाय. पांढरा पिवळा मारतोय."

मी दुसरा डबा फोडला. गुरुजी म्हणाले, तोही पिवळा. तिसरा फोडला, तोही पिवळा. गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मला तिन्ही पांढरेशुभ्र दिसत होते. माणूस म्हातारपणी बिघडला, नाहीतर भाव पाडायला बघतोय, असं माझ्या मनानं घेतलं. "मग दुसरीकडून घ्या," मी म्हणाले. ते धाराशिवहून रंग आणायला लागले. पिशवी हातात घेऊन माझ्या दुकानावरून जायचे, पण मान वळवायचे नाहीत. सहा महिने आम्ही बोललो नाही.

एकदा त्या रस्त्यानं जाताना त्यांच्या अंगणात चित्रं वाळत घातलेली दिसली. निळीभोर! डोळ्यांत घुसेल असा निळा. माझे पाय थांबले. भांडण विसरून मी विचारलं, "गुरुजी, एवढा निळा?"

"निळा कुठं हाय? राखाडी हाय त्यो."

मोतीबिंदू झाला तेव्हा माझी आई धुतलेली पातळं पिवळीच राहिली म्हणून अशीच भांडायची. "गुरुजी, डोळे दाखवून घ्या."

"दुकान वाचवायला बघताय व्हय?" ते चिडून म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या दुकान. ताटातलं मीठ कसं दिसतं तुमाला?"

ते बराच वेळ पट्टी फडक्यानं पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "पिवळसर."

मुलगी लातूरहून आली. धाराशिवला एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी आले त्या दिवशी मी तिथंच होते. गुरुजी चित्रांसमोर स्टुलावर बसले. तळहातानं आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. असं किती वेळा केलं कोण जाणे. मग उठले आणि खरवडायची पट्टी घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, नका!" पट्टी पहिल्या चित्राला टेकली आणि तिथंच थांबली.

"हे कुणी काढलं?"

"तुम्हीच की, बाबा."

"असा निळा मी लावलाच नसता. माझं धाडस न्हाय तेवढं." पट्टी खाली ठेवून ते भिंतीला टेकले. "जन्मभर रंगाला लबाड म्हणलो. डोळ्याला एकदाबी विचारलं न्हाय."

त्या चित्रांतलं एकही त्यांनी पुसलं नाही. उलट दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन वर्षभर लांबवलं. जुन्या डोळ्यानं रंगवायचं आणि नव्यानं तपासायचं! डॉक्टर चिडले, मुलगी रडली, तेव्हा कुठं तयार झाले.

मग एका बाजारच्या दिवशी ते दुकानात आले. गर्दी जमेपर्यंत बाजूला उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत सांगतो. ताईंचा पांढरा पांढराच होता." मी चहा सांगितला.

पुढं मुलीनं त्यांना लातूरला नेलं. जाताना एक निळं चित्र माझ्याकडं ठेवलं. महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. तब्येत, पाऊसपाणी काही नाही, एकच प्रश्न, "ताई, रोज बघूनबी टिकलंय का चित्र?" मी म्हणायची, "टिकलंय." गेल्या उन्हाळ्यात मात्र धीर करून सांगितलं, "गुरुजी, खालच्या कोपऱ्यातला पट्टा मला खटकतोय. तेवढा खोटा वाटतो."

आता रागावणार, असं मला वाटलं. पण ते खुशीत हसले. "मलाबी तेच वाटायचं. कुणी बोलतंय का, बघत होतो."

तो त्यांचा शेवटचा फोन. पंधरा दिवसांनी मुलीनं कळवलं, गुरुजी गेले.

चित्र आमच्या बैठकीत आहे. येणारेजाणारे त्याचं कौतुक करतात. मी त्यांना कोपऱ्यातला तो पट्टा दाखवते.