भर दरबारात पुसलेलं कुंकू
नातवंडं ऐतिहासिक बोलपट बघून आली की त्यातल्या चुकाच मोजत बसतात. किल्ल्यामागे तारेचा खांब दिसला म्हणे, सरदाराची जखम उजव्या हातावरून डाव्या हातावर गेली म्हणे. एवढ्यावर कसलं हसायचं? आमच्या परळच्या चाळीतल्या गणपतीत मी ऐतिहासिक नाटक बघितलं, त्यात एक गोष्ट धड नव्हती.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. सार्वजनिक गणपती तेव्हा नवेच निघाले होते. आमचे हे गिरणीत मागावर. आदल्या साली नाटकात भाला धरून नुसते उभे होते. या साली राजा झाले. महिनाभर दरबारातलं भाषण पाठ चाललं होतं. मागाच्या खडखडाटात कोणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे ओरडून म्हणायचे. घरी मी मासळी साफ करायला बसले की माझ्यासमोर म्हणायचे. मांजर आणि मी, दोघींना ते पाठ झालं.

नाटक रविवारी दुपारी, चाळीच्या चौकात. सिंहासन म्हणजे साहेबाच्या बंगल्यावरून मागून आणलेली वेताची आरामखुर्ची. मागे टेकलं की राजा आडवाच व्हायचा, म्हणून हे टोकाला बसले होते. प्रधान बशीतून चहा पीत आत आला. राणी झालेला रंगखात्यातला शेजारी, त्याच्या लुगड्याच्या पदरावर गिरणीचा शिक्का तसाच. लोकांनी यातलं काही मनावर घेतलं नाही. मीही नाही.

पण मांडवात उकडत होतं. पडदा पडल्यावर राणीने पदराने तोंड खसखसून पुसलं, आणि दरबाराच्या प्रवेशात ती पांढऱ्या कपाळाने राजाशेजारी येऊन उभी राहिली. बातमीदार लढाईची खबर सांगून जागच्या जागी मेला. त्याला उचलून नेलं, आणि यांनी भाषणाला सुरुवात केली. तेवढ्यात माझ्या सासूबाई बायकांतून उठल्या.

"अगो, राणीच्या कपाळार कुंकू खंय? माझो झील जितो आसताना तेच्या बायलेन कुंकू पुसल्यान कित्याक?"

मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांची बायको मी. माझं बघा, जागेवर आहे."

"तू गप ऱ्हव! ह्यो अपशकुन!" आणि रंगमंचाकडे बघून, "झिला, खाली उतर आधी!"

राजा भाषण सोडून म्हणाला, "आये, बस मगे."

लोक खो खो हसायला लागले. राणीला वाटलं आपलं लुगडं सुटलं, ती निऱ्या चाचपायला लागली. हे मात्र खुर्चीवरून अर्धे उठले होते. आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. आणि उतरले असते तर पुढच्या साली कोण राजा करणार? ज्याला आई मधेच हाक मारून उतरवते, त्याच्या हातात परत भालाच.

मला अपशकुन वगैरे काही वाटला नाही. पण तोंडावर पडलेला राजा वर्षभर घरात सांभाळायचा कोणी, मी? मी उठले, गणपतीसमोरच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि पुरुषांमधून वाट काढत रंगमंचावर चढले.

पुढे बसलेला एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, उतरा खाली! राजाचा दरबार आहे!"

"असू दे. राजा माझाच आहे," मी म्हटलं.

राणी घाबरून पुटपुटली, "वैनी, काय झालं?"

"काही नाही. गप उभी राहा."

तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. त्या घामावर टिकेना, म्हणून बोट दाबून लावलं, तर बिचारी दोन पावलं मागे गेली. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, "झालं?"

त्यांनी मान वाकडी करून कुंकवाची जागा नीट बघितली. "जरा वयर होया होता," म्हणाल्या आणि बसल्या.

मी खाली उतरले. हे पुन्हा खुर्चीच्या टोकाला बसले, छाती काढली, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. भाषण पार डोक्यातून गेलं होतं. मधलं आठवेना, म्हणून प्रवेशच पहिल्यापासून सुरू केला. मेलेला बातमीदार आत विडी ओढत बसला होता. त्याला ढकलून बाहेर काढलं. त्याने तीच लढाई परत सांगितली आणि परत मेला. मग यांनी उभं राहून सबंध भाषण म्हटलं, एक शब्द न चुकता. शिट्ट्या, टाळ्या, सगळं झालं. पुढच्या सालचा राजा कोण, हे तिथेच ठरलं.

सासूबाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. बाजूच्या बाईने विचारलं, "कसो झालो गो तुझो झील?"

"झील बरो," सासूबाई म्हणाल्या. "पण तो मेलो ना, तो दुसऱ्या खेपेक जास्त बरो मेलो."