बंडोपंतांच्या माघारी घेवर

आमच्या खालच्या मजल्यावरचे बँकेतले साहेब घेवर खायला माझ्याकडे येत. बदली होऊन जयपूरला आल्यापासून या पाकातल्या, तुपाळ राजस्थानी मिठाईवर त्यांचा जीव. पण घरी खायची सोय नव्हती, कारण घरी बंडोपंत होते. बंडोपंत म्हणजे त्यांचा मधुमेही कुत्रा. त्याला दोन्ही वेळा इन्सुलिन टोचायचं, बेचव उकडलेलं चिकन घालायचं आणि हाक मात्र अहो-जाहोत मारायची.

"त्यांच्यासमोर गोड खाणं, मतलब, बरं दिसत नाही," असं म्हणत साहेब माझ्या ताटलीतला मोठा तुकडा उचलत. साखर त्यांनाही होतीच. मी आठवण करून दिली की म्हणत, "मला कुठे कोण टोचतंय?" मग साबणाने हात धुवायचे, मिशा पुसायच्या आणि मगच जिना उतरायचा. बायकोची नजर चुकवून खाणारा नवरा मी रोज आरशात बघतो. कुत्र्याची नजर चुकवणारा हा पहिलाच.

गेल्या महिन्यात बंडोपंत सकाळी अचानक ओकायला लागले. झोटवाडा भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, तरी संध्याकाळपर्यंत गेले.

काल साहेब बऱ्याच दिवसांनी वर आले. घेवर खाल्ला. माझी जीभ कुठली गप्प बसते! म्हटलं, "आता खालीच मागवा की, साहेब. कुणाची चोरी आहे?"

ते उठले. बेसिनपाशी गेले, साबण लावून हात धुतले, नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा नळ सोडला.

मी टॉवेल घेऊन उभा राहिलो.